बॉबिनचा दोरा तुटणे (गोधडी व रजईची मशीनशिलाई)

बॉबिनचा दोरा तुटणे : शिलाई मशीनवर गोधडी, रजई, दुलई असे अनेक थरांचे कापड शिवताना सुईखालच्या बॉबिनवरून (छोट्या रिळावरून) येणारा दोरा मध्येच तुटण्याचा दोष. हाताने घातलेल्या धावदोऱ्याला एकच दोरा लागतो, त्यामुळे हातशिलाईच्या गोधडीत हा प्रश्न उद्भवत नाही. मशीनचा टाका मात्र दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईबरोबर खाली उतरतो, शटलची (सुईखाली फिरणाऱ्या भागाची) चोच त्याचा फास पकडते आणि बॉबिन जिच्यात बसते त्या बॉबिन केसभोवती फिरवून आणते; त्या फासात खालचा दोरा अडकतो आणि दोघांची अढी कापडाच्या थरांमध्ये ओढली जाते. एलियस हाऊ याने १८४६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या मशीनमध्ये हाच दोन दोऱ्यांचा टाका होता. शटलचे आकार पुढे बदलले, तत्त्व तेच राहिले.

दिवाळी उरकली की नागपुरात रजया-गोधड्यांची कामे निघतात आणि त्यांच्यासोबत हा प्रश्नही निघतो : ‘खालचा धागा काहून तुटून राहिला बाप्पा?’ उत्तर बहुधा ‘टेन्शन कस’ किंवा ‘टेन्शन ढिले कर’ असे मिळते. टेन्शन म्हणजे दोऱ्यावरचा ताण; खालच्या दोऱ्याचा ताण केसवरच्या स्क्रूने बदलतो. दोन्ही सल्ले घाईचे आहेत. स्क्रू फिरवणे हा या दोषावरचा शेवटचा उपाय असायला हवा, पहिला नव्हे.

याचे कारण दोऱ्याच्या वाटेत आहे. वरचा दोरा रिळापासून निघून टेन्शनच्या चकत्या, दोरा वर खेचणारी उचलदांडी आणि सुईचे नेढे यांतून येतो. टाक्यात पक्का बसण्याआधी त्याचा तोच तुकडा नेढ्यातून कित्येकदा खालीवर घासला जातो. खालच्या दोऱ्याला असे काही सोसावे लागत नाही. तो बॉबिनवरून उलगडतो, केसच्या चिरेतून आणि केसवरच्या, दोरा दाबून धरणाऱ्या पत्तीखालून सरकतो, सुईच्या प्लेटच्या भोकातून वर येतो आणि कापडात जातो. ही सारी वाट वीतभरही नाही, आणि तो तिच्यावरून एकदाच जातो. तरीही तो तुटत असेल, तर त्याला अडवणारी किंवा कापणारी वस्तू याच वीतभर वाटेत आहे. ती बॉबिनपासून कापडाकडे क्रमाने शोधली तर बहुतेक वेळा सापडते.

तुटलेले टोक

तुटलेला दोरा लगेच फेकून देऊ नये. त्याचे टोक उजेडात धरून पाहावे. टोक पिंजारलेले, केसाळ असेल तर दोरा कुठेतरी खरबरीत जागी घासतो आहे. टोक ब्लेडने कापल्यासारखे स्वच्छ असेल तर धातूला धार आलेली आहे, किंवा सुई दोऱ्यावरच पडते आहे. टोक बारीक होऊन कुरळे झाले असेल तर दोरा ताणून तुटला आहे. मग पत्ती, बॉबिनची भरणी किंवा कापड ओढण्याची पद्धत तपासावी. पॉलिस्टर दोऱ्यात हा कुरळेपणा ठळक दिसतो, सुती दोऱ्यात तितका नाही. दोरा तुटला आहे की नुसताच सुटला आहे, हेही पाहून घ्यावे. सुरुवातीचे टाके घालताना दोन्ही दोऱ्यांची टोके धरली नाहीत तर ती खाली ओढली जाऊन गुंता होतो. तो तुटण्यासारखाच दिसतो, पण दोष वेगळा आहे.

कचरा

गोधडीच्या कामात सर्वाधिक संशय घ्यावा तो कचऱ्याचा. विदर्भातला देशी कापूस आखूड आणि जाडसर तंतूचा. गादी-रजईत भरायला तो चांगला मानतात, पण त्याचे आखूड तंतू सहज सुटतात. त्यावर पातळ मलमलीचे अस्तर असेल तर सुईच्या प्रत्येक फेरीबरोबर थोडा कापूस खाली उतरतो. मांजरपाटाचे अस्तर हा त्रास पुष्कळ कमी करते. जुन्या सुती पातळांची आणि लुगड्यांची गोधडी तर याहून अवघड, कारण वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सूत मुळातच अर्धे झिजलेले असते. ती गोधडी अंगावर मऊ लागते ती ज्या कारणाने, त्याच कारणाने मशीनमध्ये भुसा पाडते.

हा भुसा तेलात भिजतो आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या खाली नमद्यासारखा घट्ट थर बसतो. शटलच्या खोबणीत तो शिरला की शटल अडखळते. पण बॉबिनच्या दोऱ्याला खरा त्रास होतो तो केसवरच्या पत्तीखाली अडकलेल्या चिमूटभर कचऱ्याने. तो पत्ती किंचित उचलून धरतो तेव्हा दोरा ढिला सुटतो; मध्येच सरकून चिरेत अडकतो तेव्हा दोरा एकदम आवळतो आणि तुटतो. एका ओळीत टाके सैल, पुढच्या ओळीत दोरा तुटलेला, असे होत असेल तर स्क्रूला हात लावू नये. टेन्शन बिघडलेले नसते, कचरा हलत असतो.

साफ करताना आधी वीज बंद करावी. पायमशीन असेल तर पाय पायट्यावरून काढावा. सुई आणि प्लेट काढून दातांमधला थर चिमट्याने उचलावा, उरलेले ब्रशने झाडावे. तोंडाने फुंकू नये. फुंकरीने ओल जाते आणि कचरा आणखी आत सरकतो. काळ्या घरगुती मशीनमध्ये शटलसमोरची कडी दोन खटक्यांनी सुटते. ती काढून खोबण कोरड्या फडक्याने पुसावी आणि तेलाचा एकच थेंब टाकावा. केसच्या पत्तीखालून लग्नपत्रिकेसारख्या जाड कागदाची कोपऱ्याशी कापलेली पट्टी चिरेच्या दिशेने ओढून काढावी. सुईने खरवडले तर पत्तीला आतून ओरखडा पडतो आणि आजचा दोष कायमचा होतो. जुन्या लुगड्यांचे काम चालू असताना प्रत्येक नव्या बॉबिनला ही पट्टी फिरवावी.

बॉबिनची भरणी

भारतातल्या बहुतेक काळ्या घरगुती मशीनची बॉबिन सुमारे २० मिलिमीटर व्यासाची असते. कारखान्याच्या वेगवान मशीनची वेगळी. दोन्ही दिसायला जवळच्या, त्यामुळे एकाच डब्यात मिसळतात. चुकीची बॉबिन केसमध्ये बसते खरी, पण डगडगते किंवा घासते. नवी घेताना जुनी सोबत नेऊन ताडून पाहावी. नागपुरात इतवारी-गांधीबागेकडे शिलाईच्या सामानाची दुकाने आहेत, तिथे असे ताडून घ्यायला कोणी हरकत घेत नाही.

बॉबिन काठोकाठ भरू नये. कडेपासून थोडी जागा सुटलेली असावी, नाहीतर दोरा केसच्या आतल्या भिंतीला घासतो. जुन्या दोऱ्यावर नवा दोरा गुंडाळणे ही सार्वत्रिक सवय आहे आणि ती वाईट आहे : खालच्या थराची सुटी टोके वरच्या थरात अडकतात आणि अर्ध्या ओळीत हिसका बसतो. पॉलिस्टर दोरा भरधाव भरला तर ताणलेल्या अवस्थेत गुंडाळला जातो, मग आतच आकसतो. अशी बॉबिन हाताला दगडासारखी कडक लागते. भरणीचा दोरा छोट्या टेन्शन चकतीतून गेलेला असावा आणि मशीन सावकाश चालवावे. बॉबिन केसमध्ये कोणत्या बाजूने फिरली पाहिजे हे मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते; उलटी बसवली तर दोऱ्यावरचा ताण बदलतो. केस जागेवर बसताना ‘टक’ असा आवाज आलाच पाहिजे. तो आला नाही तर पुढच्या काही टाक्यांत सुईसुद्धा मोडू शकते.

पत्ती आणि स्क्रू

इथवर सगळे ठीक असेल तरच टेन्शनकडे वळावे. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याने केस अधांतरी लटकवावी. ती आपोआप घसरत खाली गेली तर पत्ती ढिली, हिसका दिल्यावरही हलली नाही तर घट्ट. मनगटाच्या हलक्या झटक्याने थोडी उतरून थांबली तर ठीक. मग गोधडीच्याच थरांचा तुकडा शिवून उलटा करून पाहावा. खालचा दोरा ताठ सरळ पडला असेल आणि त्यावर वरच्या दोऱ्याचे वळसे दिसत असतील, तर खालचा ताण वरच्यापेक्षा जास्त आहे. उलट, खालचा दोरा वरच्या बाजूला ओढला गेलेला दिसत असेल तर केसला हात न लावता वरची चकती सैल करावी. जाड थरांत वरचा ताण फार ठेवला की खालच्या दोऱ्यालाही तो ओढून घेतो, आणि दोष मात्र बॉबिनच्या माथी येतो.

पत्तीवर साधारणपणे दोन स्क्रू असतात. टोकाचा पत्ती धरून ठेवण्यासाठी, मधला ताण बदलण्यासाठी. मधला स्क्रू एका वेळी पूर्ण फेरीच्या आठव्या भागाइतकाच फिरवावा, पुन्हा लटकवून पाहावे. हे काम परातीवर हात धरून करावे. हा स्क्रू ज्वारीच्या दाण्याहून लहान असतो आणि फरशीवर पडला की सापडत नाही.

धार आणि ओरखडे

सुई प्लेटला एकदा जरी लागली तरी भोकाच्या कडेला बारीक कंगोरा उठतो. डोळ्यांना तो दिसत नाही. नायलॉनच्या जुन्या मोज्याचा तुकडा किंवा कापसाचा बोळा भोकाच्या कडेवरून, पत्तीच्या काठावरून आणि बॉबिनच्या कडांवरून फिरवला तर जिथे तंतू अडकतो तिथे दोष आहे. किरकोळ कंगोरा बारीक पॉलिश पेपरने घासून जातो. पत्तीला मात्र वर्षानुवर्षे एकाच जागी दोरा घासून खाच पडलेली असेल तर घासण्यात वेळ घालवू नये, केस बदलावी. चेपलेल्या धातूच्या बॉबिनचेही तेच : काचेवर गडगडत सोडावी, लंगडत गेली तर टाकून द्यावी.

सुई गोधडीच्या थरांना साजेशी हवी. ९०/१४ क्रमांकाची सुई साधारण कामाला चालते, थर वाढले की १००/१६ घ्यावी. बारीक सुई जाड थरांत वाकते आणि प्लेटवर आपटते. कंगोरा तिथूनच येतो. जुन्या लुगड्याचे जरीकाठ गोधडीत तसेच घातले असतील तर सुईचे टोक लवकर बोथट होते. काठ उसवून बाजूला काढणारे कारागीर आहेत, आणि काठ घडीत येऊ न देता कडेला लावणारेही. दुसरी पद्धत गोधडीला शोभाही देते.

कापड हलवण्याची चाल

दात खाली पाडून किंवा झाकून, कापड दोन्ही हातांनी फिरवत नक्षी शिवताना टाक्याची लांबी हातावर ठरते. सुई कापडात असताना गोधडी ओढली की सुई वाकते, खालचा दोरा भोकाच्या काठावर आवळतो आणि तुटतो. मोठ्या गोधडीत हे आणखी घडते, कारण मशीनवरून खाली लोंबणारे वजनच कापड ओढत असते. उजवीकडे-डावीकडे खाट किंवा टेबल लावून ते वजन पेलावे. मोटरच्या वेगवान मशीनवर एकदम थांबल्यास बॉबिन स्वतःच्या गतीने आणखी फिरते, सुटलेला दोरा केसमध्ये वेटोळी घेतो आणि पुन्हा सुरू करताच तुटतो. अशा केसमध्ये आत एक पातळ स्प्रिंग असते. ती हरवलेली असल्यास नवी घालावी. पायमशीनवर हा प्रकार सहसा होत नाही.

नागपूरची हवा

कापसाच्या धाग्याला ओलावा लागतो. कोरड्या हवेत त्याची ताकद कमी होते. नागपूरच्या गिरण्यांना हे पक्के ठाऊक होते. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि तिथे हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसवण्यात आली होती. घरात ती सोय नसते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि उघड्यावर ठेवलेले सुती रीळ ठिसूळ होते. पॉलिस्टर दोऱ्याला ओलाव्याचे फारसे पडलेले नसते, पण कोरड्या हवेत त्यावर स्थिर विद्युतभार जमून कचरा चिकटतो. सुती रीळ वापरायचेच असेल तर आदल्या रात्री झाकणाच्या डब्यात, न टेकवता, किंचित ओलसर फडक्याजवळ ठेवावे. जुने रीळ आधी हाताने ओढून पाहावे. सहज तुटले तर ते मशीनला घालू नये.

कूलरसमोर मशीन ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. कूलरच्या दमट झोताने केसवर आणि बॉबिनवर गंजाचे बारीक ठिपके उठतात, आणि दोरा त्यांवरच घासतो. पावसाळ्यात न वापरलेल्या मशीनचेही असेच होते.

तेलाचा एक घोळ हिवाळ्यात उघडा पडतो. घरात आहे म्हणून मशीनला खोबरेल टाकले जाते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, आणि डिसेंबरात नागपूरची रात्र त्याच्या बरीच खाली जाते. सकाळी शटल जड चालते, कचरा त्या घट्ट तेलात रुतून बसतो आणि ऐन रजयांच्या हंगामात दोरा तुटू लागतो. मशीनचे पातळ तेलच वापरावे, आणि तेल घातल्यावर आधी चिंधी शिवून जास्तीचे तेल काढून टाकावे.

कारखान्यात गाद्यांची खोळ शिवणाऱ्या बहुसुई मशीनपैकी काहींचा टाका साखळीचा असतो. त्यांना बॉबिनच नसते, त्यामुळे हा दोष त्यांना लागू नाही.

मेकॅनिककडे जायची वेळ येते ती शटलची चोच झिजलेली असल्यास किंवा सुई आणि शटल यांचा मेळ चुकल्यास. सुई वर येऊ लागते त्याच क्षणी चोच नेढ्याच्या किंचित वरून जायला हवी. हा मेळ घरी लावायचा प्रयत्न न केलेला बरा. दुकानात नुसते मशीनचे डोके नेऊ नये. ज्या बॉबिनवर दोरा तुटला ती, तिची केस, तेच रीळ आणि गोधडीच्या थरांचा वीतभर तुकडा सोबत न्यावा. दुकानात दोन पदरी पॉपलिनवर मशीन बहुधा सुरळीत चालते. दोष गोधडीच्या थरांवरच दिसतो.