पुतण्याला राखणं वेगळं, आश्रय देणं वेगळं

‘अबू तालिब यांनी मुहंमद पैगंबरांना आश्रय दिला’ हे वाक्य दिसलं की माझा हात खोडरबराकडे जातो. आठ वर्षांच्या पोरक्या पुतण्याला त्यांनी वाढवलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुढे मक्केतल्या कुरैश टोळीशी बिनसल्यावर त्यांनी केली ती पाठराखण.

तेव्हाच्या मक्केत माणसाला वाचवायची ती त्याच्या कुळाच्या सूडाची भीती. बनू हाशिम या पैगंबरांच्या कुळाचे प्रमुख म्हणून अबू तालिब पुतण्यामागे उभे राहिले, ते कुणी मागितलं म्हणून नव्हे, रक्ताचं होतं म्हणून. (त्यांनी इस्लाम स्वीकारला का, हा सुन्नी-शिया वाद वेगळा.) ६१९ च्या आधी कुरैशांनी या कुळावर घातलेल्या बहिष्कारात मुसलमान न झालेले हाशिमीही अबू तालिब यांच्या घळीत हाल काढत राहिले, ते याच नात्याने. अबू तालिब यांचा भाऊ अबू लहब तेवढा फुटला. भावकीत असा एक निघतोच.

आश्रय म्हणजे जिवार. तो परक्याकडे मागायचा, त्याने चारचौघांत जाहीर करायचा, नको झाला तर चारचौघांतच परत करायचा. मुसलमान झालेल्या उस्मान बिन मजऊन यांनी मक्केतला मातब्बर वलीद बिन मुगीराचा जिवार काबापाशी जाऊन परत केला आणि लगेच एका बैठकीत डोळ्यावर ठोसा खाल्ला. काकाची पाठराखण अशी परत करता येत नाही.

६१९ मध्ये अबू तालिब गेले, आणि ती पाठराखणही. शेजारच्या ताइफ शहराहून परतताना पैगंबरांना मक्केत शिरायला जिवार मागावा लागला. अखनस बिन शरीक म्हणाले, मीच बाहेरचा, इथे करारानं जोडलेला, मला तो अधिकार नाही. सुहैल बिन अम्र यांनीही नाही म्हटलं. शेवटी बनू नौफल कुळाचे मुतइम बिन अदी मुलांना हत्यारं बांधायला लावून काबापाशी आले. त्यांना प्रश्न आला, ‘आश्रयदाता की अनुयायी?’ ‘आश्रयदाता.’ मग कुणी हरकत घेतली नाही.

घोळ होतो तो अबू सलमांपाशी. बनू मख्जूम कुळातल्या या मुसलमानाला अबू तालिब यांनी खरोखरच जिवार दिला होता. मख्जूमवाले भांडायला आले, पुतण्याला राखलंत, आता आमचा माणूसही? अबू तालिब म्हणाले, तो माझा भाचा, माझ्याकडे मागायला आला. भाच्याला राखलं नाही, तर पुतण्यालाही राखणार नाही. इंग्रजीत दोघेही ‘नेफ्यू’, म्हणून तिकडून उतरवलेल्या मराठीत या उत्तराची पार माती होते. मी तरी पुतण्याला राखलं, भाच्याला आश्रय दिला, असंच लिहितो.