आळशी क्रमिकेचे वाचनीय मजकुरात रूपांतर

फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे फंक्शने जोडून प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीत, ज्या यादीतले घटक मागितल्याशिवाय तयार होत नाहीत, तिला आळशी क्रमिका म्हणतात. सोलापूरच्या भाषेत, मागावर ताणा चढला म्हणजे चादर विणून झाली असे नव्हे. अशी क्रमिका पडद्यावर किंवा कागदावर माणसाला वाचता येईल अशी उतरवणे दिसते तितके सरळ नाही. रिच हिकी यांनी 2007 मध्ये आणलेल्या क्लोजर भाषेत नवखे हमखास इथे अडखळतात.

समजा, एखाद्या यंत्रमाग कारखान्याचा पाळीचा तक्ता क्लोजरमध्ये लिहिला आहे. मागांचे नंबर संगणक 0 पासून मोजतो, कामगार 1 पासून. म्हणून 0, 1, 2 या यादीवर ‘मॅप’ने प्रत्येकी एक मिळवला आणि निकाल ‘स्ट्र’ या मजकूर बनवणाऱ्या फंक्शनला दिला. अपेक्षा ‘1, 2, 3’ची, तक्त्यावर येते ‘क्लोजर.लँग.लेझीसेक@7861’. ‘स्ट्र’ वस्तूलाच तिचे मजकूररूप विचारते. आळशी क्रमिकेने ते स्वतः ठरवलेले नसल्याने क्लोजर ज्यावर चालते त्या जावाचे ठरावीक उत्तर मिळते: वर्गाचे (वस्तूच्या प्रकाराचे) नाव आणि सोळा-आधारी हॅश, म्हणजे घटकांवरून काढलेला आकडा. तो आकडा मात्र निरर्थक नाही. 1 पासून सुरुवात करून दर पायरीला 31 ने गुणून पुढचा घटक मिळवत गेले, की 32, 994 आणि शेवटी 30817 येतात. 30817 सोळा-आधारी पद्धतीत लिहिले की 7861. गंमत अशी, की हा हॅश काढायला सगळे घटक तयार करावेच लागतात. काम पुरते होते, दिसत काहीच नाही. क्रमिका अनंत असेल तर प्रोग्रॅम तिथेच अडकतो.

घटक सुटे करून देणाऱ्या ‘अप्लाय’सह ‘स्ट्र’ वापरले तर ‘123’ मिळते, म्हणजे तीन मागांचा एकशे तेवीस नंबरचा एकच माग! तक्त्यासाठी ‘जॉइन’ बरे, कारण मध्ये स्वल्पविराम देता येतो. पण तेही प्रत्येक घटकावर ‘स्ट्र’च चालवते. पाळीनिहाय यादीत यादी असेल तर आतल्या आळशी यादीच्या जागी पुन्हा तेच वर्गनाव उमटते. ‘पीआर-स्ट्र’ आतपर्यंत जाऊन कंसासह ‘(1 2 3)’ देते. मात्र ते मजकुराच्या घटकांना अवतरणचिन्हे लावते, म्हणून चुका शोधायला उत्तम, गिऱ्हाइकाच्या बिलावर विचित्र. ‘मॅप’ऐवजी ‘मॅपव्ही’ वापरून व्हेक्टर, म्हणजे लगेच तयार होणारी यादी, बनवला, तर साधे ‘स्ट्र’ही ‘[1 2 3]’ दाखवते. अनंत क्रमिकेतून आधी ‘टेक’ने हवे तेवढे घटक घ्यावेत.

जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या क्लोजरस्क्रिप्टमध्ये हा घोळ नाही. तिथे ‘स्ट्र’ घटकच दाखवते. हॅस्केल या फंक्शनल भाषेत मजकूर हीच अक्षरांची आळशी यादी असते, त्यामुळे अनंत यादीच्या मजकुराचीही पहिली पन्नास अक्षरे बिनदिक्कत घेता येतात.