डोळ्यांना न टोचणारा उजेड: पीएच ५ या डॅनिश दिव्याची पार्श्वभूमी

एकावर एक उपड्या ताटल्या ठेवल्यासारखा दिसणारा पीएच ५ हा टांगता दिवा आज घरसजावटीच्या मासिकांत डॅनिश डिझाइनचा नमुना म्हणून भेटतो. तो देखणा आहेच. पण त्याचा आकार शोभेसाठी ठरलेला नाही. बल्ब डोळ्यांना थेट दिसू नये आणि त्याचा उजेडही वाया जाऊ नये, या एकाच ध्यासातून तो घडला आहे. डॅनिश वास्तुरचनाकार पॉल हेनिंग्सन (नावातले 'पीएच' म्हणजे त्यांचीच आद्याक्षरे) यांनी या ध्यासापायी तीसहून अधिक वर्षे काम केले.

हेनिंग्सन यांचा जन्म १८९४ मध्ये कोपनहेगनजवळच्या ऑर्ड्रुप इथे झाला. ते वाढले रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात. त्या ज्योतीकडे डोळे न मिटता बघता येत असे, आणि तिच्या पिवळसर उजेडात माणसांचे चेहरे मऊ दिसत. पुढे विजेचा बल्ब आला आणि उजेड भरपूर झाला, पण तो डोळ्यांत घुसू लागला. डिसेंबरात कोपनहेगनला दुपारी पावणेचारच्या आतच सूर्य मावळतो. तिथल्या माणसाची संध्याकाळ घरातल्या दिव्याखालीच जाते, तेव्हा हा त्रास किरकोळ नव्हता. हेनिंग्सन यांना वीज नको नव्हती. विजेकडून रॉकेलच्या दिव्यासारखा मवाळपणा कसा मिळवायचा, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यांना साथ मिळाली लुई पोल्सन या कंपनीची. १८७४ मध्ये वाइन आयात करण्यासाठी सुरू झालेली ही कंपनी पुढे विजेच्या सामानाकडे वळली होती. हेनिंग्सन यांचे दिवे १९२५ च्या पॅरिसमधील सजावटी कलांच्या मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. पाठोपाठ १९२६ मध्ये कोपनहेगनच्या 'फोरम' या नव्या प्रदर्शनगृहासाठी तीन शेडचा दिवा तयार झाला.

या तीन शेडमागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. शेडची वक्ररेषा लॉगॅरिदमिक सर्पिलावरून काढलेली असते. या सर्पिलाच्या केंद्रातून निघालेली रेषा वक्राला कुठेही मिळाली तरी तिथला कोन तोच राहतो. म्हणून केंद्राशी बल्ब ठेवला की शेडच्या प्रत्येक भागावर किरण सारख्याच कोनात पडतात आणि उजेड एकसारखा खाली उतरतो. शेड एकाऐवजी तीन, त्यामुळे बल्ब आडोशाला राहतो. दुधी काचेची शेड असेल तर थोडा उजेड काचेतूनही झिरपतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, हेनिंग्सन कोपनहेगनच्या तिव्होली बागेचे वास्तुरचनाकार होते. वरून विमानाला दिसणार नाही पण खाली चालणाऱ्याला वाट दाखवेल, असा दिवा त्यांनी बागेसाठी केला. उजेड कुठे जातो यावर किती पकड असावी लागते, हे इथे मला सगळ्यात स्पष्ट दिसते. १९४३ मध्ये त्यांना स्वीडनला पळून जावे लागले.

पीएच ५ आला १९५८ मध्ये. एकावर एक रचलेल्या ७२ धातूच्या पाकळ्यांचा त्यांचा प्रसिद्ध 'आर्टिचोक' दिवाही त्याच वर्षीचा, पण तो कोपनहेगनच्या लांगेलिनी पॅव्हेलियन या रेस्टॉरंटसाठी होता. पीएच ५ मात्र घरासाठी होता. कारणही व्यवहारातले होते. बल्बचे कारखानदार बल्बचा आकार पुन:पुन्हा बदलत, आणि बल्बमधल्या उजळणाऱ्या तारेची जागा हलली की जुन्या शेडचे गणित कोलमडे. तेव्हा हेनिंग्सन यांनी कुठलाही बल्ब चालेल असाच दिवा केला. रंगवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या शेड, मुख्य शेडचा व्यास ५० सेंटीमीटर, आणि त्यावरूनच नावातला ५. आज त्यात एलईडी बल्बही तितकाच चालतो.

त्याच्या आत डोकावले तर थोडासा लाल आणि थोडासा निळा रंग दिसतो. हीसुद्धा नक्षी नाही. आपला डोळा पिवळ्या-हिरव्या उजेडाला सर्वाधिक संवेदनशील, तर तांबड्या आणि निळ्या टोकांना कमी. आतल्या रंगांमुळे या दोन टोकांना जोर मिळतो आणि मधला भडकपणा उतरतो.

हा दिवा छताला चिकटवून लावला की त्याचे निम्मे काम फुकट जाते. टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण ६० सेंटीमीटरवर तो उतरवावा. तेवढ्या उंचीवर ताटात नीट उजेड पडतो, आणि समोर बसलेल्याचा चेहराही दिव्याआड जात नाही.