बळाचा वापर आणि ‘पोलिसी खाक्या’

‘पोलिसांनी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून आले आहे की ते वाचताना आपण थबकतही नाही. पळणाऱ्या चोराला झडप घालून पकडणारा शिपाई आणि बंद खोलीत पट्ट्याने मारून कबुली घेणारा अधिकारी या दोघांनाही आपण एकाच कौतुकाने ‘चांगला इंगा दाखवला’ असे म्हणतो. कायद्याच्या लेखी मात्र पहिला कर्तव्य बजावत असतो आणि दुसरा गुन्हा करत असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार, कोणी जोर लावून अटकेला विरोध केला किंवा निसटू पाहिले, तर अटकेसाठी आवश्यक ते सर्व उपाय पोलिसांना योजता येतात. मात्र ज्याच्यावरचा आरोप मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र नाही, अशा माणसाचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. त्यापुढे कलम ४६ सांगते की अटक झालेल्यावर, तो पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून अधिक बंधन घालू नये. रेल्वेच्या फलाटावरची झटापट डोळ्यांसमोर आणा. शिपाई धावत जाऊन संशयिताची कॉलर धरतो, दोघे पडतात, कोपरे सोलपटतात, दुसरा शिपाई येतो आणि संशयिताचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले जातात. इथवरचा सगळा जोर कायद्याचा आहे, आणि त्यात पोलिसालाही इजा होते हे विसरता कामा नये. हात धरले गेल्यानंतर कानशिलात बसणारी चपराक मात्र अटकेचा भाग नाही, कारण आता आवरण्यासारखे काही उरलेले नाही. जमाव पांगवतानाच्या लाठीमारालाही हीच कसोटी लागते: खाली पडलेल्या माणसावर पडणारी काठी जमाव पांगवत नसते.

खाक्याचा हेतूच वेगळा असतो, तो माणसाला बोलता करण्याचा. कबुली किंवा माहिती उकळण्यासाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे. त्याला ७ वर्षांपर्यंत, आणि दुखापत गंभीर असेल तर १० वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात सिद्धच करता येत नाही. मग वर्तमानपत्रातल्या त्या वाक्याचा कायदेशीर उपयोग काय? एवढाच, की कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून चोरीचा ऐवज किंवा हत्यार हाती लागले, तर त्या माहितीचा शोधाशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग पुराव्यात येतो. माझ्या मते कोठडीतल्या मारहाणीची भूक या फटीवर पोसली जाते, आणि गुन्हा लवकर उघडकीस आणण्याचा वरिष्ठांचा तगादा ती वाढवतो. सराईत गुन्हेगार मारल्याशिवाय बोलत नाही, असे सांगितले जाते; पण मार खाणारा माणूस मार थांबेल असे काहीही बोलतो, आणि त्यात निरपराध माणूस अडकला तर खरा गुन्हेगार मोकळाच राहतो.

दोन्हींमधला फरक नोंदींतही दिसतो, निदान दिसायला हवा. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठरवून दिले की अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी असावी, अटकेच्या टिपणावर साक्षीदाराची सही असावी, आरोपीने मागणी केल्यास अंगावरच्या लहानमोठ्या जखमा तेव्हाच नोंदवून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. झटापटीत सोलपटलेले कोपर या कागदावर निःसंकोच लिहिता येते. तळपायावरचे वळ लिहिता येत नाहीत, म्हणून कागद कोराच राहतो. पुढे दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ ज्याला त्याच पोलिसांबरोबर त्याच कोठडीत परत जायचे आहे, तो आरोपी बहुधा मान हलवून ‘नाही’ म्हणतो. हा प्रश्न विचारताना पोलिसांना दालनाबाहेर थांबवणे एवढा साधा उपायही खूप काही करू शकेल.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. मराठीत निग्रह म्हणजे आवर घालणे. मनोनिग्रह करणारा मनाला आवरतो, बडवत नाही. दंड देण्याचे काम न्यायालयाचे आहे, आणि वस्तीतल्या लोकांना हा भेद पुस्तके न वाचताही नेमका कळतो. ज्या चौकीतून रात्री ओरडण्याचे आवाज येतात, तिथे पंच म्हणून सही करायला शेजारचा दुकानदार तयार होत नाही; झालाच तर साक्षीच्या दिवशी फितूर होतो, आणि प्रामाणिकपणे पकडलेला आरोपीही सुटतो.