पार्श्वभूमी : समुपदेशकानं आधी समोरच्या खुर्चीत बसावं का?

समुपदेशन शिकणाऱ्या मुलामुलींच्या प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, ‘आम्हाला स्वतः थेरपी घ्यावी लागेल का?’ आपल्याकडे तशी सक्ती नाही हे कळलं की बऱ्याच जणांना हायसं वाटतं. मला ते हायसं वाटणं खटकतं. का, ते सांगायचं तर हा प्रश्न मुळात कुठून आला तिथपासून सुरुवात करायला हवी.

तो आला एका घसरलेल्या पावलातून. १९०४ मध्ये झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली या मनोरुग्णालयात साबिना श्पिलराईन ही तरुणी दाखल झाली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते कार्ल युंग, आणि पुढे ते तिच्यात गुंतले. प्रकरण सिग्मंड फ्रॉइडपर्यंत गेलं. फ्रॉइड हा मनोविश्लेषणाचा, म्हणजे रुग्णाला मोकळेपणानं बोलतं करून त्याच्या मनाचा तळ शोधणाऱ्या उपचारपद्धतीचा जनक. जून १९०९ मध्ये युंगना लिहिलेल्या पत्रात फ्रॉइडनं ‘काउंटरट्रान्स्फरन्स’ हा शब्द वापरला. रुग्णासमोर बसल्यावर उपचारकाच्या स्वतःच्या मनात जे उसळून येतं, त्याला दिलेलं हे नाव. पुढच्या वर्षी न्यूरेंबर्गला भरलेल्या मनोविश्लेषकांच्या परिषदेत त्यानं हे जाहीरपणे मांडलं आणि बजावलं की उपचारकाच्या स्वतःच्या गाठी त्याला जिथं अडवतात, त्याच्या पलीकडे तो रुग्णाला नेऊ शकत नाही.

तेव्हा त्यावरचा उपाय होता आत्मविश्लेषण, आपलं आपण करायचं. फ्रॉइडनं स्वतः तेच केलं होतं. पण खरं आत्मविश्लेषण अशक्य आहे, नाहीतर आजारच उरला नसता, असंही त्यानंच १८९७ मध्ये मित्राला लिहून ठेवलं होतं. १९१२ च्या लेखात त्यानं उपचारक मंडळींना सांगितलं की दुसऱ्याचं विश्लेषण करण्याआधी स्वतःचं दुसऱ्याकडून करून घ्या, आणि या मागणीचं श्रेय दिलं युंग यांच्या झुरिकच्या गटाला. पाऊल घसरलं होतं तेही झुरिकमध्येच. म्हणून हा नियम मला वरून लादलेला वाटत नाही. ठेच लागलेल्या माणसांच्या अनुभवातून तो आला.

सुरुवातीचं रूप मात्र फारच साधं होतं. १९०९ मध्ये माक्स आयटिंगॉन हे तरुण डॉक्टर व्हिएन्नात आले असताना फ्रॉइडबरोबर संध्याकाळी फिरायला जात आणि चालता चालता त्यांचं विश्लेषण होई. काही आठवड्यांचा हा मामला, पण उपचारकाच्या शिक्षणासाठी झालेलं पहिलं विश्लेषण म्हणून याच फेरफटक्यांचं नाव घेतलं जातं. याच आयटिंगॉननी १९२० मध्ये बर्लिनला मनोविश्लेषणाचा दवाखाना उभा केला. तिथल्या संस्थेत स्वतःचं विश्लेषण, तात्त्विक अभ्यास आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहणं अशी तिहेरी घडी बसली. १९२५ च्या बाड होम्बुर्ग परिषदेनंतर तीच घडी इतर देशांतही गेली.

घडी बसली तशी एक कीडही लागली. अनेक संस्थांमध्ये विद्यार्थ्याचं विश्लेषण करणाराच त्याच्या प्रगतीचा अहवाल देत असे. ज्याच्यापुढे तुम्ही बापावरचा राग ओकलात, त्याच्याच शब्दावर तुमचं पास-नापास ठरणार! मग खरं कोण बोलणार? पुढे बऱ्याच ठिकाणी ही पद्धत बंद झाली, पण सक्तीबद्दलचा संशय तिथूनच सुरू झाला. तो रास्तच आहे असं मला वाटतं. याउलट १९३७ मध्ये म्हाताऱ्या फ्रॉइडनं जे सुचवलं ते मला जास्त पटतं : उपचारकानं दर पाचेक वर्षांनी, लाज न बाळगता, पुन्हा विश्लेषणाला बसावं.

मनाच्या तळाशी न जाता वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या वर्तनोपचारवाल्यांनी नंतर ही अटच मोडीत काढली. तंत्र नीट येतं का एवढंच त्यांनी पाहिलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या, अविवेकी समजुती तपासून बदलायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत मधला मार्ग निघाला. तिच्या प्रशिक्षणात शिकणारे एकमेकांचं समुपदेशन करतात, आणि त्यासाठी स्वतःच्या आयुष्यातले खरे प्रश्न मांडतात. के. एम. फडके यांनी ही पद्धत महाराष्ट्रात रुजवली.

भारतात मनोविश्लेषण आलं ते मात्र वेगळ्याच वाटेनं. १९२२ मध्ये कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडप्रमाणे तेही कुणाच्या कोचावर झोपले नव्हते, म्हणजे स्वतःचं विश्लेषण त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं नव्हतं. वाचून, करून शिकलेले. मुंबईला थोडी वेगळी संधी मिळाली. मुसोलिनीच्या वंशकायद्यांमुळे इटली सोडावी लागलेले विश्लेषक एमिलिओ सेर्वादिओ मुंबईत आले आणि दुसरं महायुद्ध संपेपर्यंत भारतातच राहिले. पण ती परंपरा मूठभर लोकांपुरतीच राहिली. आपल्या विद्यापीठांतलं मानसशास्त्राचं शिक्षण परीक्षा, चाचण्या आणि रुग्णालयातल्या कामाभोवती वाढलं. त्यात देखरेख आली, स्वतःची थेरपी आली नाही.

आजची अडचण वेगळीच आहे. माझी एक मैत्रीण समुपदेशक आहे. आईच्या आजारपणाबद्दल बोलायला येणाऱ्या एका बाईंशी ती दर वेळी औषधं, रिपोर्ट, डॉक्टर यांवरच बोलत राहायची. बाई रडायला लागल्या की विषय बदलायची. स्वतःची आई गेली तेव्हा तिला रडायला सवडच मिळाली नव्हती, हे तिला स्वतः थेरपीला गेल्यावर कळलं. पण गावात जायचं कुणाकडे? सगळे एकाच कार्यशाळेतले, एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवरचे. शेवटी तिनं दुसऱ्या शहरातली थेरपिस्ट शोधली. महिन्यातून दोनदा ती इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसते, काचा वर करते आणि तासभर फोनवर बोलते.