रणाच्या दोन जिभा : आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या समन्यायाची पार्श्वभूमी

कच्छच्या रणाचा उत्तरेकडचा काठ नकाशावर पाहिला, तर नगर पारकरचा भूभाग सिंधमधून खाली रणात घुसलेला दिसतो. त्याच्या दोन्ही अंगांना रणाच्या दोन अरुंद जिभा वर जमिनीत शिरलेल्या आहेत. पावसाळ्यात तिथे पाणी, एरवी मिठाचा पांढरा थर. १९६८ साली या जिभा पाकिस्तानला मिळाल्या. त्या पाकिस्तानच्याच आहेत असा पुरावा सापडला म्हणून नव्हे. त्या परक्या मुलखात ठेवणे समन्यायाला (इक्विटी, म्हणजे नियमाच्या अक्षरापलीकडच्या रास्तपणाला) धरून होणार नाही, असे भारत-पाकिस्तान सीमावादाच्या लवादाने ठरवले म्हणून.

समन्याय हा शब्द आपल्याकडच्या कोर्टांना जुना आहे. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये न्यायाधीशाने आधी कायदा पाहावा, तो नसेल तर त्या मुलखाची रूढी, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच हाती लागले नाही तर 'न्याय, समन्याय आणि सदसद्विवेकबुद्धी' यांना स्मरून निकाल द्यावा, असे सांगितले होते. म्हणजे नियम संपले की समन्याय सुरू. दोन देशांच्या भांडणात मात्र हे इतके सोपे नव्हते. त्यांच्यावर कुणाचे सरकार नाही. न्यायाधीश 'मला असे रास्त वाटते' म्हणाला, तर हरलेला देश ते का ऐकेल?

म्हणूनच १९२० साली हेगच्या कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय न्यायालयाची घटना लिहिली गेली, तेव्हा या शब्दाला कुलूप घातले गेले. कायदा बाजूला ठेवून जे रास्त आणि भले वाटेल त्यानुसार निकाल देण्याला लॅटिनमध्ये 'एक्स एक्वो एट बोनो' म्हणतात. ती मुभा दोन्ही पक्षांनी संमती दिली तरच. आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या घटनेतही ३८व्या अनुच्छेदात हे कलम आहे, आणि आजवर एकाही खटल्यात दोन्ही पक्षांनी ती संमती दिलेली नाही. कुलूप गंजले, पण शेजारची खिडकी उघडीच होती. १९३७ साली म्यूज नदीच्या पाण्यावरून नेदरलँड्स आणि बेल्जियम भांडत होते. बेल्जियमने जे केले म्हणून नेदरलँड्सची तक्रार होती, त्याच जातीचे काम नेदरलँड्सने स्वतःही केलेले. न्यायाधीश मॅन्ली हडसन यांनी आपल्या स्वतंत्र मतात म्हटले की, समन्याय मागणाऱ्याने आधी तो स्वतः पाळावा, आणि हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्याचाच भाग आहे. वेगळ्या संमतीची गरजच उरली नाही.

रणाच्या लवादात नेमके हेच घडले. एप्रिल १९६५ मध्ये तिथे लढाई झाली, ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जूनला करार झाला आणि वाद तिघांच्या लवादाकडे गेला. अध्यक्ष स्वीडनचे गुन्नार लागरग्रेन, भारताने सुचवलेले युगोस्लाव्हियाचे आलेश बेब्लर, पाकिस्तानने सुचवलेले इराणचे नसरोल्ला एन्तेझाम. पाकिस्तानचे म्हणणे असे की, रण हा जणू समुद्रच, म्हणून सीमा मधोमध काढा. भारताचे म्हणणे, सगळे रण कच्छ संस्थानाचे, म्हणून सीमा उत्तर काठाने. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. तेव्हा पुराव्यात इंग्रजी अमदानीतल्या कागदांचे आणि नकाशांचे ढीगच होते.

लवादाला 'एक्स एक्वो एट बोनो' अधिकार आहे, असा पाकिस्तानचा दावा होता आणि भारताचा त्याला विरोध. १९६६ च्या फेब्रुवारीत लवादाने भारताचे मान्य केले : तसा अधिकार नाही. पण पुढे एक वाक्य जोडले, की समन्याय आंतरराष्ट्रीय कायद्यातच येतो, त्यावर युक्तिवाद करायला कुणालाही मोकळीक आहे. मला तरी वाटते, भारत या जिभा तिथेच हरला; निकाल यायला आणखी दोन वर्षे लागली एवढेच.

१९ फेब्रुवारी १९६८ च्या निकालात सुमारे नव्वद टक्के रण भारताकडे राहिले. छाड बेट, धारा बन्नी ही गवताची उंचवट्याची कुरणे पाकिस्तानला मिळाली, कारण तिथे सिंधचा अंमल चालत असल्याचे अध्यक्षांना पटले. जिभांचे कारण मात्र वेगळे : पाकिस्तानी जमिनीने वेढलेला हा भाग परका ठरवला तर कटकटी होतील, आणि या टापूत शांतता हवी. एन्तेझाम यांचा कल आधी पाकिस्तानच्या पूर्ण दाव्याकडे होता, पण त्यांनी अध्यक्षांच्या मताला संमती दिली. बेब्लर यांनी भारताचा सगळा दावा मान्य करत भिन्न मत नोंदवले. निदान लागरग्रेन यांनी आपले खरे कारण लपवले नाही, एवढे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

इथे संताप उसळला. निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत पुण्यात जन्मलेले समाजवादी नेते मधु लिमयेही होते. रणात वस्ती करता येईल का हे पाहायला ते निघाले असता त्यांना परत फिरवण्यात आले होते. जानेवारी १९६९ मध्ये न्यायालयाने सांगितले, ही संदिग्ध सीमा ठरवणे आहे, मुलूख देऊन टाकणे नव्हे, घटनादुरुस्ती नको. पण ज्या जमिनीबद्दल लवादानेच 'शांततेसाठी' म्हटले, तिथे ती सीमा आधीपासून होती असे मानायला जरा जड जाते.

रणाच्या निकालाला एक वर्ष आणि एक दिवस झाला, तेव्हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उत्तर समुद्राच्या वाटणीचा निकाल लागला. डेन्मार्क आणि नेदरलँड्स यांच्या मधला जर्मनीचा किनारा आत वळलेला. दोन्ही बाजूंनी समदूर रेषा (शेजारी देशांच्या किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरच्या) काढल्या तर त्या जर्मनीपुढेच एकमेकींना मिळतात आणि समुद्रबूड जमिनीचा त्याचा वाटा एका त्रिकोणात कोंडतो. न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी सांगितले, समदूर रेषा बंधनकारक नाही, समन्यायाच्या तत्त्वांनी करार करा. मात्र 'न्याय्य वाटा द्या' ही जर्मनीची मागणीही फेटाळली. १९७१ च्या करारांनी जर्मनीला समुद्राच्या मध्यापर्यंत जाणारी एक निमुळती पट्टी मिळाली. जर्मन लोक तिला बदकाची चोच म्हणतात.

१९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात 'समन्याय्य तोडगा' हे शब्द आले. तो कसा काढायचा, हे लिहिलेच नाही. त्याच शब्दांच्या जोरावर भारताबरोबरच्या सागरी सीमेच्या वादात बांगलादेशाने आपला आत वळलेला किनारा पुढे केला. जुलै २०१४ मध्ये लवादाने समदूर रेषा वाकवली आणि वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला दिले. भारताने निकाल स्वीकारला. या वेळी कुणी बंगालच्या उपसागराकडे निघाले नाही.

रणाच्या पश्चिम टोकाची सर खाडी १९६८ च्या लवादापुढे नव्हतीच. तिच्या बाबतीत दोन्ही देश आजही मुंबई सरकारच्या १९१४ च्या एका ठरावाचा अर्थ लावत बसले आहेत : सीमा खाडीच्या पूर्व काठाने, की मधल्या प्रवाहाने?