आर येण्याआधी काय होतं?

आज समाजशास्त्र नाहीतर राज्यशास्त्र शिकणारी पोरं लॅपटॉपवर आर (R, म्हणजे आकडेवारीचं विश्लेषण करायची संगणक भाषा) उघडतात, एक ओळ टाइप करतात, उत्तर बघतात, त्यावरून पुढची ओळ सुचते. यात काय एवढं असं वाटेल, पण ही सोय यायला बराच काळ गेलाय.

१९६८ ला स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन नाय आणि दोघा साथीदारांनी एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर काढलं, ते मेनफ्रेमवरचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या मोठ्या कॉम्प्युटरवरचं, तेव्हा सर्व्हेची उत्तरं भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर, गठ्ठा कॉम्प्युटर सेंटरला द्यायचा आणि प्रिंटआउटची वाट बघायची, एखादं कार्ड चुकलं की परत तेच सगळं. वेळ जायचा तो जायचाच, पण अशाने माणूस प्रश्नच मोजके विचारतो, माझ्या मते खरं नुकसान ते.

दुसरीकडे केनेथ आयव्हर्सनची एपीएल भाषा आयबीएमच्या मोठ्या मशीनवर टर्मिनलवरून लगेच उत्तरं देत होती. मॅट्रिक्स भागायचं एकच चिन्ह, त्यात अख्खं रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मांडायची पद्धत)! बाकी ती चिन्हं वाचताना डोकं फिरायचं हेही खरंच. १९७५ ला आयबीएम ५१०० हा टेबलावर मावणारा कॉम्प्युटर आला, साधारण २५ किलोचा, ५ इंची स्क्रीनवाला, आणि गंमत म्हणजे त्यात आतल्या आत सिस्टीम/३६० या आयबीएमच्या मेनफ्रेमची नक्कल होती, कशासाठी तर मोठ्या मशीनचं एपीएल तसंच चालावं म्हणून. किंमत मात्र मॉडेलप्रमाणे ९ ते २० हजार डॉलर, म्हणजे प्राध्यापकाने स्वतःच्या खिशातून घ्यायची वस्तू नव्हेच.

१९८१ च्या आयबीएम पीसीनंतर चित्र पालटलं. एसपीएसएस पीसीवर उतरलं, १९८५ ला स्टाटा हे आकडेवारीचंच दुसरं सॉफ्टवेअर आलं, ते सगळा डेटा मेमरीतच ठेवायचं, त्यामुळे फास्ट, पण मेमरी संपली की संपलं. मग ल्यूक टिअर्नीचं एक्सलिस्प-स्टॅट, लिस्प या कंसांनी भरलेल्या भाषेवरचं, फुकट, आणि एका ग्राफवर ठिपके निवडले की दुसऱ्या ग्राफवर तेच ठिपके उजळायचे. ग्राफिक्समध्ये ते सुरुवातीच्या आरच्या कितीतरी पुढे होतं, हे आरवाल्यांना पटो न पटो.

तरी जिंकलं आरच. ऑकलंडला रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांना मॅकच्या लॅबमध्ये शिकवायला काहीतरी बरं हवं होतं, बेल लॅब्जच्या एस या आकडेवारीच्या भाषेसारखं काहीतरी त्यांनी बनवलं, १९९५ ला जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मोकळं केलं. एस येणाऱ्यांना नवीन काही शिकावं लागेना, पैसेही लागेनात, लिस्पच्या कंसांत शिरायला कोण जातंय मग? खुद्द टिअर्नीसुद्धा पुढे आरच्या कोअर टीममध्ये गेला आणि आरचा बाइट-कोड कंपायलर (आरचा कोड जास्त वेगाने चालावा म्हणून आधीच बदलून ठेवणारा भाग) त्यानेच लिहिला.